टाच की चवडा

मार्च लागला की माझ्या तोंडाची चव जाते. ज्वारीची काढणी उरकत आलेली असते, रानात कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकून उभ्या असतात, घोड नदीचं पाणी आटून पात्रात नुसती डबकी उरतात. फाट्यावर शाळकरी पोरंपोरी परीक्षेचं पॅड छातीशी धरून एसटीची वाट बघत असतात. वाऱ्यावर कडब्याचा वास येतो, कोरडा आणि किंचित गोड. लोकांना तो सुगीचा वास वाटतो. मला त्या वासात यंत्राची घरघर ऐकू येते.

आमचं गाव इनामगावच्या अलीकडं, घोडच्या काठाला. आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मेंढरं विकून जमीन धरली, विहीर पाडली, म्हशी घेतल्या आणि त्यांच्या वैरणीसाठी मोटारीवर चालणारं कडबा कुट्टीचं यंत्र आणलं. तेव्हा माझी थोरली बहीण सुमन दहावीत होती. मी तिला अक्का म्हणतो. शाळेला जायच्या आधी ती यंत्राला कडबा लावत होती. यंत्रानं पेंढी ओढली आणि पेंढीबरोबर तिचा उजवा हात. मनगटापासून पुढचा हात गेला. त्या वर्षीची तिची परीक्षाही गेली.

ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा भेटायला येणारी बाया-माणसं एकच वाक्य बोलत. "पोरीची जात, आता कसं व्हायचं." अक्का ऐकत बसायची. इनामगावच्या पांढरीच्या टेकाडात पूर्वी खोदकाम झालं होतं आणि हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचे सांगाडे निघाले होते, त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले होते, ही गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणीतरी तिच्यासमोर तीच काढली, आपल्या भागाला कसला तरी शाप असावा म्हणून. अक्का शांतपणे म्हणाली, "त्ये निदान मेल्यावर तोडत व्हते." त्यानंतर ती बाई परत आली नाही.

दोन वर्षं अक्कानं डाव्या हातानं पाटी गिरवली. तिसऱ्या वर्षी तिनं बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरला. मीही त्याच वर्षी दहावीत होतो. त्या मार्चमध्ये आम्ही बहीणभाऊ एकाच एसटीनं शिरूरला पेपरला जात होतो. आदल्या महिन्यात आबा केंद्रावर विचारायला गेले होते, पोरीला लिहायला कुणी मिळंल का, न्हाईतर थोडा जादा वेळ तरी. खिडकीतला कारकून म्हणाला होता, "दुसऱ्याच्या हातानं लिहायचं म्हंजी कॉपीच झाली की, आप्पा. नियम सगळ्यांना सारखा." लेखनिक मिळतो, अर्ज करावा लागतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आबांनी हात जोडले आणि परत आले.

विज्ञानाच्या पेपरला वेळ संपताच अक्काच्या खोलीवरच्या बाईंनी तिच्या हाताखालून उत्तरपत्रिका ओढून घेतली. दोन प्रश्न राहिले होते. "उत्तरं येत होती?" मी बाहेर विचारलं. "येत होती," ती म्हणाली, "हातच येत नव्हता." आणि उसाचा रस प्यायला थांबू म्हणाली.

परीक्षा संपल्यावर आईनं आम्हाला दौंडला मामाकडं पाठवलं. मामा रेल्वेत होते. त्यांचं क्वार्टर स्टेशनच्या मागं होतं. दुपारी पत्रे तापायचे, इंजिनांची शिटी उशाशी वाजल्यासारखी वाजायची, आणि मामी माठावर ओलं फडकं टाकत राहायची. मामाचा मुलगा मंगेश माझ्याच वयाचा. त्याच्याकडं टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. वरून पिवळी कॅसेट खोचायची, दोन कंट्रोल दोघांच्या हातात घ्यायचे. डाव्या अंगठ्यानं पुढं-मागं सरकायचं, उजव्या अंगठ्यानं दोन लाल बटणं दाबायची. एकानं ठोसा, दुसऱ्यानं बचाव. ती बॉक्सिंगची कॅसेट आम्ही इतकी खेळलो की तिची टुणटुण वाजणारी धून मला आजही झोपेत येते.

आठवडाभर अक्का आमच्या मागं भिंतीला टेकून बघत बसली. कंट्रोल फिरत फिरत सगळ्यांकडं जायचा. शेजारच्या पोरांकडं, मामीकडंसुद्धा. अक्काकडं कुणी द्यायचं नाही. वाईटपणानं नव्हे. तिला दिला तर तिला वाईट वाटेल म्हणून. आपल्या चांगुलपणाचा हा प्रकार मी नंतर खूप ठिकाणी पाहिला.

एका दुपारी मामी आणि मंगेश झोपले होते. अक्का म्हणाली, "संपत, दे इकडं."

तिनं कंट्रोल मांडीवर ठेवला. डावा अंगठा बरोबर बसला. उजवीकडची बटणं ती आधी हनुवटीनं, मग गुडघ्यानं, मग मनगटाच्या टोकानं दाबून बघत होती. कंट्रोल घसरून खाली पडत होता. तिचा पैलवान मार खाऊन सारखा आडवा होत होता. तिनं सात-आठ डाव तसेच खेळले. मग कंट्रोल उलटा-सुलटा करून म्हणाली, "नुसत्या खेळाला दोन हात कशाला लागत्यात? दोन बटणंच दाबायची ना? ती कुठंबी असली म्हणून काय झालं?"

हे तिचं वाक्य. पुढं जे काही झालं ते ह्या वाक्यातून झालं. माझी हुशारी त्यात नव्हती.

बाजारात रशीदभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. साठीचा माणूस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, दुकानात कायम सोल्डरिंगच्या रोझिनचा धूर. मंगेशचा एक जुना कंट्रोल घेऊन मी एकटाच गेलो. त्यांनी तो उघडला. आत एक हिरवी पट्टी, तिच्यावर रबराच्या टोप्या. "ये देख," ते म्हणाले, "बटण दाबलं की हे दोन ठिपके जुळतात. बस. अंगठ्यानं जुळव नाही तर काठीनं. मशीनला काय मालूम कोण दाबतंय." मी म्हटलं, दोन वायरी बाहेर काढून पायाखाली घंटीची बटणं बसवता येतील का. ते म्हणाले, "येतील. कोणासाठी?" मी सांगितलं. त्यांनी कंट्रोल बाजूला ठेवला. "मग तिला आण. तिच्याशिवाय कसं बनवू?"

अक्का यायला तयार नव्हती. ओढणीत हात गुंडाळून कशीबशी आली. रशीदभाईंनी तिला स्टुलावर बसवलं, जमिनीवर एक फळी ठेवली आणि स्वतः खाली उकिडवे बसले. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला थांब म्हणाले. चष्मा वर सरकवून त्यांनी विचारलं, "बेटी, पटकन दाबायचं तर तुला काय सोपं? टाच की चवडा?"

मी अक्काकडं पाहिलं तर तिचे डोळे भरले होते. तीन वर्षांत तिला कितीतरी लोकांनी कितीतरी विचारलं होतं. दुखतं का, रात्री झोप येते का, स्थळाचं काय. तुला काय सोपं, हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तिनं चप्पल काढली. फळीवर पाय आपटून पाहिले. "ठोशाला उजवा चवडा," ती म्हणाली, "बचावाला डावी टाच."

रशीदभाईंनी खडूनं तिच्या पावलांभोवती रेघ ओढली. घंटीची बटणं फार ताठ होती, तर त्यांच्या आतल्या स्प्रिंगा काढून जुन्या टेपरेकॉर्डरमधल्या नाजूक स्प्रिंगा घातल्या. कंट्रोल एका पाटावर स्क्रूनं पक्का बसवला, म्हणजे मांडीवरून घसरायला नको. वायरी जोडताना त्या मी चिमट्यानं धरल्या होत्या. कुठली वायर कुठल्या ठिपक्याला लागली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हे मुद्दाम लिहितो आहे.

आता मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्या प्रेस मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही तळहातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे कुणाचा हात आत राहत नाही. बुटक्या माणसाला ती बटणं उंच पडतात, उंचाला वाकावं लागतं. नवा ऑपरेटर आला की मी त्याला उभा करतो, कोपर कुठं येतं ते बघतो आणि बटणं खालीवर करतो. सुपरवायझर म्हणतो, फालतू वेळ घालवतोस. घालवतो. माझ्या कामात तेवढंच एक मला अभिमान वाटावं असं आहे, आणि तेही दौंडच्या एका म्हाताऱ्याकडून उचललेलं.

पाट आणि फळी घरी आली आणि दोन दिवस अक्का मार खात राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं मंगेशला हरवलं. चौथ्या दिवशी मला. मग ती थांबलीच नाही. क्वार्टरच्या दारात चपलांचा ढीग पडू लागला. तिचे पाय फळीवर असे चालायचे की मामी म्हणायची, "अगं, शिवणयंत्र चालवतीस का काय." आणि अक्का हसायची. तोंडावर ओढणी न घेता, मोठ्यानं. ते हसू मी विसरून गेलो होतो.

मला ते हसू आवडायला हवं होतं. आवडलंही, पहिले दोन-तीन दिवस. पण मी सारखा हरत होतो. मंगेश सगळ्यांसमोर म्हणायचा, "दोन हात असून एका हाताच्या बहिणीकडून मार खातोय." सोळा वर्षांच्या माझ्या अंगाची आग व्हायची. मी अक्काशी खेळायला टाळाटाळ करू लागलो. टीव्ही तापलाय म्हणून सांगायचो.

स्टेशनसमोर एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. मे महिन्यात तिथं सुट्टीची स्पर्धा लागली, ह्याच बॉक्सिंगच्या कॅसेटवर. आम्ही तिघांनी नाव दिलं. अक्काचं नाव देताना मी मालकाला फळी दाखवली. तो म्हणाला, "आणा की. लोकं बघायला येतील." मला तेव्हाच कळायला हवं होतं की त्याला खेळाडू नको, गंमत हवी होती.

स्पर्धा शुक्रवारी दुपारी होती. मंगेश पहिल्याच फेरीत गेला. मी पुढं सरकलो. अक्कानंही दोन लढती जिंकल्या, दुसरीत तर तिचा पैलवान एकदाही आडवा झाला नाही. बाहेरून माणसं आत डोकावू लागली. तिसरी लढत एका ठेकेदाराच्या मुलाशी होती. तो वीसेक वर्षांचा, पार्लरचा रोजचा माणूस. त्या लढतीत जिंकणाऱ्याची गाठ माझ्याशी पडणार होती.

लढत तीन डावांची. पहिला डाव अक्कानं घेतला. ठेकेदाराच्या मुलानं कंट्रोल खाली ठेवला. "हिच्या फळीत टर्बो हाय," तो म्हणाला.

टर्बो म्हणजे कंट्रोलवरचं जादा बटण. ते एकदा धरून ठेवलं की ठोसे आपोआप पडत राहतात. स्पर्धेत ते चालत नव्हतं, मालकानं सगळ्या कंट्रोलवरच्या त्या बटणांवर चिकटपट्टी लावली होती.

"न्हाई," अक्का म्हणाली. "साधीच बटणं हायती."

"पायाखाली काय दाबतीस ते कुणाला दिसतंय?"

मालक माझ्याकडं वळला. "हे तू बनवून आणलंस ना? सांग बरं, वायरी साध्या बटणाला हायेत का टर्बोला?"

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. अक्का माझ्याकडं पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी सांगणार आणि खेळ पुढं सुरू होणार, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं. मंगेश माझ्या मागं उभा होता. मी एवढाच विचार केला, की पुढची लढत माझी आहे आणि ह्या सगळ्यांसमोर आहे.

"मला नीट म्हाईत न्हाई," मी म्हणालो. "रशीदभाईंनी जोडलंय."

अक्कानं मान खाली घातली नाही. ती मालकाला म्हणाली, "रशीदभाई नमाजला गेल्यात. अर्धा तास थांबा. ते येऊन उघडून दावतील."

"एकटीसाठी सगळ्यांना थांबवू व्हय? साध्या कंट्रोलवर खेळायचं तर खेळ."

तिनं साधा कंट्रोल मांडीवर घेतला. बटणं दाबायला तिला ओढणीतला हात बाहेर काढावा लागला. तो हात तिनं घराबाहेर कुणाला दाखवला नव्हता. त्या टोकानं ती बटणं दाबत होती, कंट्रोल घसरत होता, ती तो डाव्या हातानं सावरत होती आणि तेवढ्यात मार खात होती. दोन्ही डाव काही मिनिटांत संपले. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या, जिंकणाऱ्यासाठी नाही, तिच्यासाठी. मालकानं तिला उत्तेजनार्थ म्हणून एक कंपासपेटी दिली. ती तिनं डाव्या हातानं घेतली आणि "थँक्यू" म्हणाली.

पुढच्या लढतीत मी ठेकेदाराच्या मुलाला हरवलं. मग अंतिम लढतही जिंकली. मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आबांनी ते घरात मधल्या भिंतीला लावलं, आणि पुढं कितीतरी वर्षं अक्का त्याच्यात वेळ बघून म्हशींना पाणी पाजायची.

क्वार्टरवर परत येताना ती रुळांकडेच्या पायवाटेनं माझ्यापुढं चालत होती. एकदाच थांबली. "तुला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. त्यात प्रश्न नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं पाट आणि फळी रशीदभाईंच्या दुकानात नेऊन दिली. त्यांनी मला नंतर बोलावून विचारलं, काय झालं. मी सांगितलं, तिला कंटाळा आला. ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि मग हातातल्या रेडिओकडं वळले.

जूनमध्ये निकाल लागला. मला फर्स्ट क्लास मिळाला. अक्का गणितात आणि विज्ञानात गेली. परत फॉर्म भर म्हणून आबा मागं लागले. ती म्हणाली, "त्यांना वेळेत लिवणारा हात पायजेल. माझ्याकडं उत्तरं हायती. कशाला उगं." तिनं पुन्हा फॉर्म भरला नाही. पुढं तिला अपंगांच्या कोट्यातून फाट्यावर एसटीडी बूथ मिळाला. काही वर्षं बरी गेली. मग मोबाईल आले आणि बूथची काच धुळीनं भरली. आता तिथंच ती झेरॉक्स आणि वह्या-पेनांचं दुकान चालवते. लग्न केलं नाही. कुणी बळजबरी केली नाही, कारण कुणी फारसं विचारलंही नाही.

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या एका इंजिनिअर पोरानं इंटरनेटवर मला एक पान दाखवलं. परदेशात कुणी एका हाताच्या माणसांसाठी व्हिडिओ गेमचे कंट्रोल बनवतो. कुणाला पायानं, कुणाला हनुवटीनं, कुणाला फुंकरीनं चालवायचे. फोटोत एक माणूस खुर्चीवर बसलेला, पायाखाली दोन पेडल. "काय डोकं असतं ना ह्या लोकांचं," तो पोरगा म्हणाला. मी हो म्हणालो. रशीदभाईंचं नाव माझ्या ओठावर आलं होतं. ते वारून बरीच वर्षं झाली. मी तेव्हाही गप्प बसलो. सवय झाली की गप्प बसायला वेगळी भीती लागत नाही.

रविवारी मी अक्काच्या दुकानात गेलो. मार्चचं ऊन होतं. एक मुलगी हॉलतिकिटाची झेरॉक्स काढायला आली होती. अक्कानं मशीनचं झाकण कोपरानं उचललं, कागद ठेवला, बटण दाबलं. मुलगी गेल्यावर मी तिला त्या पानाबद्दल सांगितलं. पेडलबद्दल, फुंकरीबद्दल. तिनं नीट ऐकून घेतलं.

"ज्याच्यासाठी करत्यात त्याला विचारून करत्यात का?" तिनं विचारलं.

"व्हय. तसंच लिवलंय."

"मग चांगलं हाय."

मी तिथंच उभा राहिलो. इतक्या वर्षांत जे वाक्य मी एसटीत, मशीनखाली, जेवणाच्या ताटावर कितीदा जुळवलं होतं, ते अखेर तोंडातून निघालं. "अक्का, त्या दिवशी पार्लरमदी मी बोलायला पायजे व्हतं. टर्बो नव्हता, म्हणून सांगायला पायजे व्हतं."

ती कागदाचं रीम फोडत होती. दातांनी वेष्टन धरून डाव्या हातानं ओढलं. ते फाटल्यावर म्हणाली, "टर्बो नव्हता ते समद्यांनाच म्हाईत व्हतं, संपत. मालकालाबी. त्यानं तुला इचारलं ते तू गप बसशील म्हणूनच."

मी फाटलेलं वेष्टन उचलून त्याची घडी घालू लागलो.

"त्याचा मला आता राग न्हाई," ती म्हणाली. "पण घरी येऊन तू ज्याला त्याला सांगितलंस, अक्का बिचारी पहिल्याच मोठ्या लढतीत गेली, तिला झेपलं न्हाई. आबा मरंपर्यंत तेच धरून व्हते. मला म्हणायचे, कशाला गेलीस बाय तिथं हसं करून घ्यायला. ते मातूर तू सुधारलं न्हाईस."

एक पोरगा पेन घ्यायला आला. ती त्याला पेन दाखवू लागली, ह्याची शाई पसरत नाही म्हणून सांगू लागली. माझ्याशी तिचं बोलणं संपलं होतं.

आबा आता नाहीत. रशीदभाई नाहीत. मामी आहे, पण तिला फारसं आठवत नाही. मंगेश सोलापूरला असतो. त्याला मी त्याच संध्याकाळी फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, पोरवयातलं ते, आता काय त्याचं." मी म्हटलं, मला तुझ्याकडून काही नको, तू फक्त ऐकून ठेव. फळीत काही नव्हतं. वायरी मी स्वतः धरल्या होत्या. पहिला डाव तिनं घेतला होता, दुसराही घेतला असता, आणि त्यानंतर तिची गाठ माझ्याशी होती. तिनं मला पहिल्यांदा हरवलं तेव्हापासून मी तिच्याशी एकदाही जिंकलो नव्हतो. त्या दिवशीही ती मला हरवणार होती.